संध्याकाळची गोळी

साक्षीची तेरवी आटोपून माणसं पांगली, तरी विनोदिनी गिरीपुंजे रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत मागे राहिली. त्या दिवशी आपण सगळ्यांबरोबर निघून गेलो असतो तर फार बरं झालं असतं, असं तिला पुढे कित्येकदा वाटलं. पण पंगतीची पानं उचलायला कोणीतरी लागतंच, आणि विनोदिनीला हात बांधून बसणं कधी जमलं नाही.

गोदावरी भुरे मोरीत बसून कढई घासत होती. एरवी ती याच कढईत चाळीस जणांची भाजी टाकायची. कॉलेजातल्या मुलांना डबे पुरवणं हा तिचा धंदा, नवरा शामराव गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात कामाला, आणि लेकरं दोन. पुष्कर अठराचा, साक्षी पंधराची. दोघांनाही सिकलिंग. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकून बसतात, आणि मग हाडांत असा ठणका उठतो की धडधाकट माणूस जमिनीवर लोळतो. पण साक्षी ठणक्यानं गेली नव्हती. काविळीनं गेली, आठ दिवसांत. सिकलिंगवाल्या लेकरांचे डोळे तसेही पिवळटच असतात, त्यामुळे या वेळचा पिवळा रंग निराळा आहे हे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता.

"ताई, एक इचारू का?" गोदावरी मान वर न करता म्हणाली.

"विचार न."

"पुष्करले आता दोन्ही गोळ्या देऊ न? सकाळची बी अन् संध्याकाळची बी?"

विनोदिनीला आधी कळलंच नाही. "त्याले दोनच आहेत न. पहिल्यापासून दोनच."

"हव, लिहून तर दोनच आहेत. पण संध्याकाळची मी साक्षीले देत होती न." गोदावरीनं कढईवर पाणी ओतलं. "आता वाटणी नाही राहिली. म्हणून इचारलं."

विनोदिनीच्या हातात पत्रावळींचा गठ्ठा होता. तो तिनं हळूच खाली ठेवला. किती महिने, असं तिनं विचारलं. चार, गोदावरी म्हणाली, आणि त्या चार महिन्यांत साक्षीचं एकदाही दुखलं नव्हतं, पोरगी शाळेच्या नाचात होती, असंही तिनं सांगितलं. सांगताना तिच्या तोंडावर जरासा अभिमान होता. तो अभिमान विनोदिनीला बघवेना. ती काहीतरी पुटपुटली आणि चपला पायात सरकवून गल्लीत आली.

ही गोळी दुकानात मिळणारी नव्हती. ती अजून औषध झालेलीच नव्हती म्हणा ना. एका कंपनीनं सिकलिंगवर नवी गोळी काढली होती, आणि तिची चाचणी रायपूरच्या एका दवाखान्यात साठ रुग्णांवर चालू होती. गोळी गुणाची होती, पण लिव्हरवर तिचा भार पडायचा. म्हणून ज्याचं लिव्हर आधीच कमजोर त्याला घ्यायचं नाही, असा नियम होता. सुरुवातीच्या तपासणीत पुष्करचं रक्त पास झालं आणि साक्षीचं नापास झालं. नापास झालेल्या त्या पोरीनं चार महिने तीच गोळी खाल्ली होती, आणि चाचणीच्या कागदांत तिचं नावसुद्धा नव्हतं. कागदाच्या हिशेबी ती मेलीच नव्हती.

आता विनोदिनीचा यात संबंध काय, तर सगळाच. ती रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क. तिची एकुलती एक निधी सतरा वर्षांची. नवरा शंकर बिलासपूरला बदलीवर असे. नवरा-बायको दोघांच्याही रक्तात आजार अर्धा अर्धा होता. लेकीत तो पुरा झाला. निधीला घेऊन दहा वर्षं दवाखान्यांच्या बाकांवर बसता बसता विनोदिनी तिथल्या सगळ्या आयांची ताई झाली होती. कुठल्या खिडकीवर रक्ताची चिठ्ठी मिळते, कोणता कंपाउंडर उगाच वसकन अंगावर येतो, सगळं तिला तोंडपाठ. म्हणून दोन वर्षांपूर्वी कंपनीची माणसं आली आणि त्यांनी सांगितलं की आता नवा रिवाज आहे, रुग्णांनी नुसती गोळी गिळायची नाही, पहिल्या कागदापासून आमच्याबरोबर बसायचं, तुम्ही आमचे भागीदार, तेव्हा डॉक्टरांनी विनोदिनीचंच नाव पुढे केलं. "आजवर आम्ही उंदीर होतो, आता भागीदार झालो म्हणायचं," असं ती त्या पहिल्या बैठकीत म्हणाली होती आणि सगळे हसले होते.

पण काम तिनं मन लावून केलं. संमतीचा बावीस पानी कागद साध्या मराठीत आणि हिंदीत आणून घेतला. तपासणी रविवारी ठेवायला लावली, म्हणजे रोजीवाल्यांचा दिवस बुडू नये. आणि तिची सगळ्यांत मोठी जीत म्हणजे महिन्याच्या गोळ्या घरी. आधी नियम असा होता की रोज दोन्ही वेळा दवाखान्यात या, नर्ससमोर गोळी गिळा, तोंड उघडून दाखवा. विनोदिनी टेबलावर हात आपटून म्हणाली होती, "आमची माणसं चोर आहेत का? विश्वास ठेवायचा नसेल तर भागीदार कशाला म्हणता?" साहेब लोक वरमले. नियम बदलला. कंपनीच्या पत्रकात तिचा फोटो छापून आला, आणि तो तिनं, खोटं कशाला सांगा, फ्रिजवर चिकटवला होता.

आता त्याच फ्रिजसमोर उभी राहून ती पाणी पीत होती. चौबे कॉलोनीतल्या तिच्या फ्लॅटच्या गॅलरीत निधी पाय दुमडून बसली होती, मांडीवर पुस्तक. गेले अकरा महिने निधीला एकदाही ठणका उठला नव्हता. अकरा महिने! त्याआधी दर पाच-सहा आठवड्यांनी दवाखाना ठरलेला. दहावीचे दोन पेपर तिनं सलाईनची सुई हातात ठेवून दिले होते. या वर्षी बारावी होती, आणि पोरगी पहिल्यांदाच पुढच्या वर्षाबद्दल बोलत होती. नागपूरचं कॉलेज, होस्टेल, मैत्रिणी.

"मम्मी, गुरुवार को आप क्या बोलने वाली हो? सुनाओ ना," निधीनं विचारलं. निधीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. मोहल्ला तसा, शाळा तशी.

गुरुवारी, म्हणजे चार दिवसांनी, दिल्लीहून तज्ज्ञांची समिती येणार होती. गोळी मंजुरीच्या पुढच्या पायरीवर न्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं, आणि रुग्णांच्या वतीनं दहा मिनिटं विनोदिनीला बोलायचं होतं. तिनं भाषण लिहून ठेवलं होतं. ते असं होतं की दगडालाही पाझर फुटावा, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

"नंतर," ती म्हणाली. "आधी अभ्यास कर."

एका बाजूला ही पोरगी आणि दुसऱ्या बाजूला ती गेलेली. बोललं तर चाचणी थांबणार, निधीची गोळी बंद, साठ घरांची बंद. न बोलावं तर साक्षी काविळीनं गेली असं सगळं जग म्हणतच होतं. झाकली मूठ तशीच राहील. विनोदिनीनं दोन दिवस मूठ झाकूनच ठेवली. ऑफिसात फायली इकडच्या तिकडे केल्या, घरी भाजीत दोनदा मीठ घातलं. शंकरचा फोन आला तेव्हा सगळं ठीक आहे म्हणाली. गेलेली पोर परत येणार नाही, हे वाक्य तिनं मनात इतक्या वेळा म्हटलं की त्याचा अर्थच उडून गेला.

मंगळवारी ती डॉक्टर स्वानंद पुराणिकांकडे गेली. चाचणीचे इथले प्रमुख तेच. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात; बोलणं नेमस्त, केस सगळे पांढरे. सिकलिंगची लेकरं बघण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. विनोदिनी खुर्चीत बसली आणि म्हणाली, "डॉक्टर, ती भुऱ्यांची साक्षी..."

त्यांनी हात वर केला. "ताई, एक मिनिट थांबा." उठून त्यांनी दार लावलं. "तुम्ही काय सांगणार आहात ते मला माहीत नाही. पण चाचणीतल्या गोळीनं कुणाला काही झालं असं एकदा माझ्या कानावर आलं, की चोवीस तासांत मला ते वर लिहून पाठवावं लागतं. मग ते माझ्या हातात राहत नाही, तुमच्याही नाही. म्हणून आधी ठरवा आणि मग बोला."

"म्हणजे बोलू नको म्हणता?"

"असं मी कसं म्हणेन?" ते चष्मा पुसत राहिले. "एवढंच सांगतो. तीस वर्षांत मी या आजाराची किती लेकरं पोचवली याची मोजदाद सोडून दिली. पहिल्यांदा हातात काहीतरी आलंय. हे गेलं तर पुढचं यायला दहा वर्षं लागतील. निधी तेव्हा सत्तावीसची असेल. असली तर."

शेवटचे दोन शब्द त्यांनी बोलायला नको होते, हे त्यांनाही लगेच कळलं असावं, कारण त्यांनी नजर फिरवली. विनोदिनी उठली. वाईट माणूस नव्हे तो. वाईट माणूस असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

बाहेर बाकावर कांताबाई बसली होती. मुलगा अठ्ठाविसाचा, चाचणीत. महिन्याची बाटली न्यायला ती दर वेळी स्वतः यायची, कारण मुलगा ड्यूटीवर. तिच्या मांडीवर सहा वर्षांची नात. नातीलाही बापाचा आजार आणि आईचाही. पोर गुबगुबीत दिसत होती, बिस्किट खात होती.

"मस्त दिसून राहिली न पोट्टी," विनोदिनी म्हणाली.

"बाप्पा, नजर नका लावू!" कांताबाई हसली आणि मग आवाज खाली आणून, आपल्या माणसाला सांगावं तसं, म्हणाली, "तुम्हाले म्हणून सांगतो. गोळीतला जरासा तुकडा गुळात चाटवतो हिले. रोज नाही. पण फरक आहे हं, ताई."

विनोदिनी कांताबाईच्या शेजारी बसली आणि गोड बोलून, हसत हसत, आणखी कोण कोण असं करतं ते काढून घेतलं. पाच घरं निघाली. एकीनं नणंदेला दिली होती. एकीच्या घरात तर तिघांत बाटली चालत होती, आणि तिचा रुग्ण दवाखान्यात "मस्त आहे" म्हणून सांगत होता. चोरी कोणीच केली नव्हती. या घरांत एकट्यानं कधी कोणी काही खाल्लंच नाही, मग ती भाकर असो की प्रसाद असो की औषध. एका लेकराच्या हातावर काही ठेवलं की दुसऱ्याचा हात पुढे येतो, आणि आई त्याचे दोन तुकडे करते. हे दिल्लीच्या साहेबांना माहीत नसणार, कबूल. पण विनोदिनीला? ती तर याच घरांतली. तिला भागीदार कशासाठी केलं होतं? नेमकं हेच सांगायला ना?

"कांताबाई, हिले उद्यापासून बिलकुल नाही द्यायची," ती म्हणाली. "शपथ आहे तुम्हाले. लिव्हर जाते याच्यानं."

कांताबाईचं हसू मावळलं. "तुमच्या पोरीचं नाही गेलं थे?" ती म्हणाली आणि नातीला उचलून चालू लागली.

तेव्हा विनोदिनीचं ठरलं. आता प्रश्न गेलेल्या पोरीचा राहिला नव्हता, बिस्किट खाणाऱ्या पोरीचा होता. पण समितीसमोर बोलायच्या आधी एक दार वाजवायचं होतं, आणि त्या दारापेक्षा तिला दिल्लीची समिती सोपी वाटत होती. कारण गोदावरीला अजून काहीच माहीत नव्हतं. तिच्या लेखी गोळीनं साक्षीला चार महिने सुखाचे दिले आणि कावीळ कुठूनतरी आली. लेक मेली ती स्वतःच्या हातानं भरवलेल्या गोळीनं, हे त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि न सांगता ते परक्या लोकांना आधी कसं सांगायचं?

बुधवारी दुपारी ती गेली. गोदावरीनं डबे पुन्हा सुरू केले होते. न करून चालतं कुणाला? ओट्यावर पोळ्यांची चळत होती. विनोदिनीनं तिला हाताला धरून खाली बसवलं आणि जे होतं ते सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत. साक्षीचं लिव्हर आधीच कमजोर होतं, म्हणून तिला घेतलं नव्हतं. गोळी लिव्हरवर जाते. बहुतेक त्यानंच कावीळ झाली.

गोदावरीनं सगळं ऐकून घेतलं. पिठाचे हात तसेच मांडीवर.

"लिव्हरचं कोणं सांगतलं होतं मले?" ती म्हणाली.

"ते तपासणीत..."

"तपासणीत नाही. मले कोणं सांगतलं? मी बाकावर बसली होती. तुम्ही आतून आल्या. तुम्ही म्हटलं, गोदावरी, पुष्करचं झालं. साक्षीचा नंबर नाही लागला. पुढच्या खेपेले पाहू." गोदावरीचा आवाज अजिबात चढला नव्हता. "नंबर नाही लागला म्हटलं तुम्ही. मले वाटलं जागा कमी असतीन. शाळेत नाही का, एका पोराले वजीफ्याचा पैसा भेटते अन् दुसऱ्याले नाही भेटत. मंग घरात आणल्यावर तो दोघांचाच न."

विनोदिनीला तो दिवस लख्ख आठवला. डॉक्टर आत म्हणाले होते, मुलीचे लिव्हरचे आकडे चांगले नाहीत, घरच्यांना समजावून सांगा. ती बाहेर आली होती. बाकावर गोदावरी दोन्ही लेकरांच्या मधे बसली होती, साक्षीनं नवी वेणी घातली होती, आणि विनोदिनीला ते तोंडावर सांगवलं नव्हतं. पोरगी ऐकत होती. घाबरली असती. म्हणून तिनं जरा गोड करून सांगितलं. आपल्याकडे असंच सांगतात. कुणाला मोठा आजार निघाला तर थोडी सूज आहे म्हणतात. कुणी गेलं तर सिरियस आहे, लवकर ये, म्हणून फोन करतात. बावीस पानी कागद जिनं सोपा करून घेतला, तिनं एक वाक्य जास्तच सोपं केलं होतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"म्हणजे मीच का मारली तिले?"

"नाही, गोदावरी. मी."

"गोळी देल्ली तर मी." गोदावरी स्वतःच्या हातांकडे बघत होती. "थे नाही म्हणे कधी कधी. मळमळते म्हणे. मी रागवून खाऊ घालत होती."

बाहेर शामरावांची सायकल लागली. ते आत आले, दोघींकडे बघितलं आणि डबे भरायला बसले. गोदावरी उठून ओट्याशी गेली.

"उद्या तिथं सांगान का तुम्ही?"

"सांगावंच लागते. आणखी लेकरं खाऊन राहिले."

"मंग नाव घेऊन सांगा. एक बाई, एक पोरगी, असं नका सांगू. तिचं नाव तिथं लिहू द्या. साक्षी शामराव भुरे." मग तिनं तवा गॅसवर ठेवला. "आता जा तुम्ही. मले पोळ्या करायच्या आहेत."

गुरुवारी हॉटेलच्या हॉलमध्ये गार हवा होती, पाण्याच्या बाटल्या होत्या आणि भिंतीवर मोठा फलक होता: "मंजुरीच्या वाटेवर रुग्णांचा आवाज". विनोदिनीनं लिहिलेलं भाषण पर्समधून काढलंच नाही. तिनं हिंदीत, सरळ, सगळं सांगितलं. नाव घेऊन. घरी गोळ्या देण्याचा हट्ट आपला होता हेही सांगितलं, आणि आईला खरं कारण आपणच सांगितलं नाही हेही. पुराणिक डॉक्टर टेबलाकडे बघत बसले होते. कंपनीकडून आलेल्या बाईनं पेन खाली ठेवलं.

समितीचे अध्यक्ष सौम्य माणूस होते. त्यांनी विचारलं, मुलगी याच गोळीनं गेली याला पुरावा काय? चिरफाड झाली होती का? रक्त ठेवलं होतं का? नाही, विनोदिनी म्हणाली. तिला अग्नी दिलाय. मग ते आपसात बोलले. ठराव झाला: सगळ्या गोळ्या परत घ्याव्यात, चाचणी थांबवावी, चौकशी व्हावी. चौकशीला मुदत घातली नाही. साक्षीचं नाव मात्र ठरावात आलं नाही. तिथे लिहिलं गेलं, चाचणीबाहेरील एक अल्पवयीन व्यक्ती. विनोदिनीनं उठून हरकत घेतली. नाव लिहिता येत नाही, तसा नियम आहे, रुग्णाची ओळख जपावी लागते, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. त्यांचं बरोबरही होतं.

चहाच्या वेळी कंपनीची बाई जवळ आली. "आपने बड़ी हिम्मत दिखाई," ती म्हणाली, आणि तिची नजर विनोदिनीच्या खांद्यावरून पलीकडे गेलेली होती.

गोळ्या परत आणायला नर्स जाणार होती, पण पहिल्याच दिवशी तीन घरांनी तिला दार उघडलं नाही. म्हणून विनोदिनीला बरोबर घेतलं. ताईला कोण नाही म्हणणार? नाही कोणीच म्हणालं नाही. पण चहाही कोणी विचारला नाही. एका घरी म्हातारा बाप म्हणाला, "आपली पोरगी बरी झाली, आता दुसऱ्याईच्या तोंडचं काढून राहिल्या." ते खोटं होतं, निधीचीही जाणार होती, पण विनोदिनीनं वाद घातला नाही. कांताबाईनं बाटली पायरीवर ठेवली, हातात दिली नाही. तिची नात दारातून बघत होती. डोळे नेहमीसारखेच किंचित पिवळट होते, त्याहून जास्त नाही. विनोदिनीनं ते नीट बघून घेतले.

शेवटचं घर तिचं स्वतःचं. निधीनं बाटली टेबलावर ठेवली होती. नर्सनं मोजल्या. चौतीस हव्या होत्या, तेवीस निघाल्या.

"गिर गईं होंगी," निधी म्हणाली.

विनोदिनी नर्सला बसायला सांगून आत गेली. लेकीचं सामान तिला नवीन नव्हतं. कंपासपेटीत, खोडरबराच्या खाली, कागदात गुंडाळलेल्या अकरा गोळ्या सापडल्या. निधी मागे येऊन उभी राहिली होती.

"मम्मी, मेरा लिवर ठीक है. हर महीने रिपोर्ट आती है. मुझे तो कुछ नहीं हुआ."

"आता रिपोर्ट निघणार नाही, बेटा. तपासणी बंद झाली. आत काय होऊन राहिलं ते कोणाले कळणार नाही."

"ग्यारह ही तो हैं! मेरे प्रीबोर्ड निकल जाएँगे." निधी रडत नव्हती. "किसको पता चलेगा?"

विनोदिनीची मूठ मिटलेलीच होती. अकरा गोळ्या, साडेपाच दिवस. खरंच कुणाला कळणार होतं? नर्सला तर घरी जायची घाई होती. तिनं मूठ घट्ट केली आणि पुन्हा सैल केली. मग बाहेर येऊन तिनं गोळ्या टेबलावर ओतल्या. नर्सनं तेवीस खोडून चौतीस लिहिलं.

"गोदावरी आंटी ने कम से कम अपनी बेटी के लिए किया था," निधी दारातून म्हणाली. "आपने किसके लिए किया?"

अठराव्या दिवशी निधीला ठणका उठला. प्रीबोर्डचा, म्हणजे बारावीच्या सराव परीक्षेचा, पहिला पेपर झाला होता, दुसऱ्याच्या सकाळी ती अंथरुणातून उठूच शकली नाही. अकरा महिन्यांचं साचलेलं एकदम वसूल करावं तसा तो ठणका होता. दवाखान्यात सुई लागली तरी ती कण्हत होती, आणि आईनं कपाळावर हात ठेवला की मान वळवत होती. शंकर बिलासपूरहून निघाला होता. पुराणिक डॉक्टर दोनदा येऊन गेले. विनोदिनीशी जेवढ्यास तेवढं बोलले. चौकशी कधी संपेल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. कंपनीचं आभाराचं पत्र येऊन पडलं होतं, की रुग्ण-भागीदारांच्या मंडळाची नव्यानं रचना होत आहे आणि आपल्या योगदानाबद्दल आम्ही ऋणी आहोत.

दुपारी गोदावरी आली. हातात डबा होता. पुष्करही याच दवाखान्यात होता, खालच्या वॉर्डात, चार दिवसांपासून. त्याचं जेवण देऊन ती वर आली होती. ती निधीच्या पायांशी बसली, पदर खोचला आणि पाय दाबू लागली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, सावकाश, जसं तिनं दोन लेकरांचं पंधरा-सोळा वर्षं केलं होतं. हळूहळू निधीचं कण्हणं कमी झालं. तिनं डोळे मिटले.

"मले आधी सांगाले आल्या थे बरं केलं तुम्ही," गोदावरी विनोदिनीकडे न बघता म्हणाली. "पण मी माफ नाही करत. तुम्हालेही नाही अन् मलेही नाही."

विनोदिनीला माफी नकोच होती. तिला फक्त काहीतरी करायचं होतं. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून तिनं निधीचा दुसरा पाय दाबायला घेतला.

निधीनं डोळे न उघडता तो पाय ओढून घेतला.